फाटकावर परत ठेवलेली सायकल

विहीणबाई,

खिडकीची सीट मिळाली नाही की तुम्ही विमानातल्या त्या मुलीशी शाळेतल्या बाईंच्या आवाजात बोलायचात, आणि ती बिचारी कुणाला तरी उठवून तुम्हाला जागा करून द्यायची. या वेळी कुवेतहून मुंबईला गेलात ते सामानाच्या कप्प्यातून. खिडकी नाही, काही नाही, आणि कुणाला एक शब्द बोलला नाहीत. मला हे अजिबात पटलेलं नाही, ते आधी सांगून टाकते.

आज बावीस दिवस झाले. कागदपत्रांनाच चार दिवस लागले. व्याह्यांच्या कंपनीचा मंदूब, तो सरकारी खेपा घालणारा माणूस, सकाळ-संध्याकाळ शिक्के गोळा करत फिरत होता. पाचव्या दिवशी व्याही, तुमची गौरी आणि माझा निखिल तुम्हाला घेऊन गुहागरला निघाले. मी ईराला सांभाळायला इथे कुवेतला, सलव्यात राहिले. नातीनं विचारलं, "आजी, इज अबू हलीफाची आजी नॉट कमिंग बॅक?" मी म्हटलं, "नाही." ती "ओके" म्हणाली आणि कपड्यांच्या कपाटात जाऊन बसली. तासभर बाहेर आली नाही. मी पण बाहेर जमिनीवर बसून राहिले. कपाटात दोघींना जागा नव्हती, नाहीतर मीही आत गेले असते.

तुम्ही गेल्यापासून मी गोडधोड केलं नाही, पहिले दोन आठवडे घराबाहेर पडले नाही. तिसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या कुलकर्णीबाई आल्या. म्हणाल्या, "अहो, विहिणीचं सुतक नसतं. तुम्हाला काही पाळायला नको. शुक्रवारी आमच्याकडे डबा पार्टी आहे, भरली वांगी तुमच्याकडून धरू ना?" चांगल्या मनानं बोलल्या. मी म्हटलं, धरा. दार लावून घेतलं आणि वांगी केली नाहीत.

यांच्या एका चुलत काकांचं तोंड मी आयुष्यात दोनदा पाहिलं होतं. त्यांचे दहा दिवस मी नीट पाळले. तुमच्यासाठी शून्य. तुम्ही माझ्या कुणी लागतच नव्हतात म्हणे. म्हणून हे लिहायला बसले. पंचांगात नसलं तर नसू दे, मी पाळणार. कसं पाळणार ते शेवटी सांगते. तोवर तुम्ही नेहमीसारखं मध्ये बोलू नका.

आपली ओळख झाली तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते आणि अत्यंत मूर्ख होते. आता बासष्टची आहे, थोडी कमी आहे. त्या चोपन्न वर्षांच्या बाईचा फोटो अजून भिंतीवर आहे. निखिलचं लग्न, पुण्याचं कार्यालय, अंगावर मोरपंखी पैठणी, नाकात नथ, आणि चेहरा असा, जणू गौरी आमच्या घरात यायचं ठरलंय हे तिच्या सात पिढ्यांचं भाग्य. वरमाई. मुलाची आई. चोवीस तास मला वाटत होतं की आज सूर्यसुद्धा मला विचारून उगवलाय. मुलाकडचे पुढे बसणार, मुलाकडचे आधी जेवणार, मुलाकडच्यांच्या ताटात जिलबी दोनदा. आणि मी हट्ट धरला की विहिणीचे पाय धुण्याचा विधी झालाच पाहिजे. निखिल हात जोडत होता, "आई, आता कुणी करत नाही गं हे." मी म्हटलं, "आपण करतो."

तुम्ही लगेच आत गेलात. पितळी परात आणलीत, कोमट पाणी आणलंत, साडीचा पदर खोचून खाली बसलात. सगळे बघतायत, फोटोग्राफर वाकलाय, आणि तुम्ही माझा पाय हातात घेऊन हळूच म्हणालात, "केवढ्या भेगा आहेत हो टाचांना. मुठेल लावा." दुसऱ्या दिवशी पाठवणीच्या गडबडीत माझ्या हातात वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला कोकमाच्या तेलाचा गोळा ठेवलात. गुहागरचा. मला वाटलं, माझा अपमान करताहेत. पंधरा दिवसांनी टाचा मऊ पडल्या तरी मी तुम्हाला सांगितलं नाही. आज सांगते, टाचा बऱ्या आहेत.

पुढे आपण दोघी इथल्याच. तुम्ही अबू हलीफाला, मी सलव्यात. पोरं दिवसभर ऑफिसात, नात एक आणि आज्या दोन. नातीसाठी भांडता भांडता आपली मैत्री कधी झाली हे दोघींनाही कळलं नाही. नाव तरी काय देणार तिला? मला तुमचं नाव माहीत होतं, तुम्हाला माझं, पण शेवटपर्यंत आपण एकमेकींना विहीणबाईच म्हणालो. थंडीत खाडीवर फ्लेमिंगो आले की तुम्ही सकाळी सहाला फोन करायचात, "आलेत. उठा." मी ओहोटीच्या चिखलाकडे बघत म्हणायचे, "हे गुलाबी ठिपके बघायला मला अंथरुणातून काढलंत?" तुम्ही दुर्बीण माझ्या नाकावर आदळायचात. "ठिपके नाहीत, पाय बघा. कसे टाकतात ते बघा." मग गाडीत बसून कागदी पेल्यातला करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा. तुम्ही तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंत, आणि माझ्यासारखी ढ विद्यार्थिनी पदरात पडल्यावर फार खूश होतात.

अशाच एका सकाळी तुम्ही सांगितलंत की लग्नाआधी तुम्ही सायकलवरून शाळेत शिकवायला जायचात. समुद्राकाठचा रस्ता, उतारावर पाय पेडलवरून उचलायचे आणि वारा येऊ द्यायचा. मला काय झालं कोण जाणे. मुलीकडच्यांना सायकल येते आणि मुलाकडच्यांना नाही, हे कसं चालेल? मी म्हटलं, "मी पण साताऱ्यात कॉलेजला सायकलवरच. घाट चढायचे." तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत. "घाट?" "हो, घाट."

विहीणबाई, मला सायकल येत नाही. कधीच येत नव्हती. मी मैत्रिणीच्या कॅरिअरवर बसून जायचे आणि चढ आला की उतरून मागून ढकलायचे. हे वाक्य मी तुम्हाला समोर म्हणायला हवं होतं.

तुम्ही मात्र ते घाट मनावर घेतलेत. सगळं कुवेत दर सुट्टीत बॅगा भरून गावी जातं. चोवीस वर्षं आम्ही दुसरीकडे कुठे गेलोच नव्हतो. सुट्टी म्हणजे पुणे, पुणे म्हणजे नातेवाईक, नातेवाईक म्हणजे बदाम-पिस्त्यांची वाटणी. तुम्हीच एक दिवस आमच्या जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरलात. "या मार्चमध्ये केनिया. मी सगळं बघून ठेवलंय. आणि तुमच्यासाठी एक खास गोष्ट आहे, शेवटच्या दिवशी." सगळे हो म्हणाले. मी एकटीच म्हणाले, "तिकडे खायला काय मिळणार?"

म्हणून मी काय केलं ते अख्ख्या खानदानाला पाठ आहे. चाळीस दशम्या, लसणाची चटणी, लोणच्याच्या दोन बरण्या, मेतकूट. अंबोसेलीच्या उद्यानात, वर उघडणाऱ्या छताच्या त्या गाडीत, पुढच्या सीटवर मी. मुलाकडचे पुढे, हे तिथेही सुटलं नव्हतं. खिडकीसाठी जीव टाकणाऱ्या तुम्ही मागच्या सीटवर, मधोमध, दोन झोपलेल्या नवऱ्यांच्या मध्ये. दुपारचा एक वाजला आणि मी डबे उघडले. गौरी म्हणाली, "अहो आई, समोर बघा, सिंहीण." मी मागे वळून दशम्या वाटत होते. म्हटलं, "आधी लोणचं कुणाला ते सांगा." निखिल ओरडला, "आई, बघ ना!" मी म्हटलं, "बघते, तुझ्या बाबांना चटणी दिली का?" वळले तेव्हा गवतात फक्त एक शेपूट दिसलं. पिवळं, टोकाला काळा गोंडा. आयुष्यात पाहिलेली माझी एकमेव सिंहीण म्हणजे ते चार इंच शेपूट.

आमचा गाडीवान मवांगी, शांत माणूस, आपल्या दोघींना आदरानं "मामा" म्हणायचा, त्यांच्याकडे मामा म्हणजे आई, आणि दर वेळी व्याही दचकून मागे बघायचे. तो मला म्हणाला, "मामा, लायन फर्स्ट, फूड लेटर." तुम्ही इतक्या हसलात की तुमच्या दशमीवर माकडानं छतातून हात घातला तेही कळलं नाही.

त्याच संध्याकाळी हत्ती आले. मागे तो बर्फाचा डोंगर होता, पण ढगांनी वरचा अर्धा झाकून टाकला होता. सतरा हत्ती रस्ता ओलांडत होते. पुढे एक म्हातारी, फाटका कान. ती पलीकडे गेली नाही. रस्त्याच्या मध्ये उभी राहिली, सगळे जाईपर्यंत. शेवटचं पिल्लू धडपडत गेलं, मग ती हलली. मला वाटलं तुम्ही आता शिकवायला लागाल. तुम्ही मागून हात पुढे घालून माझा खांदा धरलात, आणि धरूनच ठेवलात. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "यांचे नवरे कुठे असतात?" तुम्ही म्हणालात, "लांब. एकेकटे हिंडतात. कळप आज्या चालवतात." आपण दोघींनी एकदम मागे बघितलं. दोन्ही नवरे तोंडावर टोप्या ठेवून घोरत होते. हसू आवरेना. मवांगीनं विचारलं काय झालं, आणि ते इंग्रजीत कसं सांगायचं हे दोघींनाही सुचेना.

त्या दिवसासाठी तुमचे आभार मानायचे राहिले होते. घ्या, मानले.

आता शेवटचा दिवस. तो मी इतके दिवस टाळत आलेय.

तुमची खास गोष्ट म्हणजे एक उद्यान, जिथे गाडीतून उतरून सायकलवर फिरता येतं. हेल्स गेट. मी म्हटलं, नरकाच्या दारात कोण जातं सुट्टीला. आत लाल कडे, मधून कच्चा रस्ता, दोन्ही बाजूंना झेब्रे, जिराफ, रानडुकरं. सिंहांची भीती जवळजवळ नाही, म्हणून सायकली. फाटकाशी सायकलींची रांग उभी होती. तुम्ही ओढणी कमरेला गुंडाळलीत, घंट्या वाजवून बघितल्यात, ब्रेक दाबून बघितलेत, आणि दोन बाजूला काढल्यात. एक तुमची, एक माझी. तुमचा चेहरा असा होता की... अहो, मी तुम्हाला नातीच्या बारशाला पण एवढं खूश बघितलं नव्हतं.

"चला, घाट चढणाऱ्या," म्हणालात.

मी हँडल धरलं. मागे आमचे हे, निखिल, गौरी, ईरा, मोबाइल वर करून उभे. एका क्षणात मला दिसलं की मी आपटणार, आणि साताऱ्याचा घाट सगळ्यांसमोर कोसळणार. खरं बोलायला तीन शब्द पुरले असते. मला येत नाही. ते मी बोलले नाही. मी सायकल सोडली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "तुम्ही मुलीकडचे, तुम्हाला चालत असेल. आमच्या घरात या वयात बायका असले चाळे करत नाहीत. आमच्याकडच्यांना हे आवडणार नाही."

आमच्याकडच्यांपैकी कुणाला काही वाटत नव्हतं. हे तर म्हणतच होते, "अगं, जा ना." पण बोलून झालं होतं.

तुम्ही माणसाला घाबरणाऱ्या नव्हेत. मुख्याध्यापकांशी भांडलात, विमानवाल्यांशी भांडलात, एकदा रस्त्यात मांजर मारणाऱ्या माणसाला गाडीतून उतरून झापलंत. तुम्ही मला दोन शब्द सुनावून एकट्या पुढे जायला हव्या होतात. मी त्याचीच वाट बघत होते, शपथ. पण तुम्ही गौरीकडे बघितलंत. लेक माझ्या घरात नांदतेय. मुलीच्या आईनं वरमाईचं मन दुखवायचं नाही, हे तुमच्या आईनं तुम्हाला शिकवलं असणार आणि तिच्या आईनं तिला. तुम्ही सायकल परत रांगेत नेऊन ठेवलीत. स्टँड नीट लावलात. माझी पण ठेवलीत. आणि गाडीत जाऊन मागे मधोमध बसलात.

तास-दीड तास आपण गाडीतून फिरलो. माझ्या खिडकीपासून दहा हातांवर जिराफ होता, मला तो आठवत नाही. आठवते ती समोरून आलेली एक पांढऱ्या केसांची गोरी बाई, सायकलवर, गुडघे धुळीनं लाल. तुम्ही तिला हात केलात. तिनंही केला. मवांगी म्हणाला, "नेक्स्ट टाइम, मामा." तुम्ही म्हणालात, "येस. नेक्स्ट टाइम." व्याह्यांनी मागे बघितलं नाही त्या वेळी.

मार्च ते नोव्हेंबर. आठ महिने होते माझ्याकडे माफी मागायला. मी काय केलं सांगू? दिवाळीला तुम्ही कडबोळी आणलीत. मी ठरवलं होतं, आज बोलायचं. तुम्ही डबा उघडलात, मी एक खाल्लं आणि म्हटलं, "यंदा जरा नरम पडलीत." तुम्ही म्हणालात, "तुमच्या दातांचा विचार करून केलीत." तिथे हसता हसता माझं बोलायचं राहिलं. त्यानंतर तेरा दिवसांनी तुम्ही गेलात.

गौरी गेल्या आठवड्यात परत आली. आल्या आल्या म्हणाली, "अहो आई, उद्या अबू हलीफाला याल का माझ्याबरोबर? आईचं कपाट आवरायचंय. बाबा एकटे करू शकणार नाहीत." गेले. तुमच्या साड्यांना अजून तुमचा वास आहे, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही.

दुपारी चहा घेताना ती एकदम म्हणाली, "एक विचारू? तुम्ही आईला त्या दिवशी का अडवलंत?"

मी म्हटलं, "अगं, रस्ता कच्चा होता, वय..."

"तसं नाही. मला माहीत नाहीये असं समजू नका, ती रात्री रडली होती." गौरी कधी आवाज चढवत नाही. तेव्हाही चढवला नाही. "तिनं माझ्यासाठी सायकल ठेवली. माझ्यासाठी. हे मला आयुष्यभर पुरणार आहे, अहो आई. तुम्हाला त्याचं काहीतरी कारण असेल तर मला ते हवंय."

मी चहाचे कप गोळा करायला लागले. बासष्ट वर्षांची बाई, आणि सुनेसमोर मी अजून तो घाट वाचवायला बघत होते. तेवढ्यात बेल वाजली. तुमच्या इमारतीचा हारिस शफीक, खाली दार सांभाळतो तो बांगलादेशी. हातात किल्ली. म्हणाला, "दीदी, मॅडम का दो सायकल नीचे पार्किंग में है. ले जाएगा?"

"दो?" गौरी म्हणाली.

आपण तिघं खाली गेलो, मी, गौरी आणि शफीक. तुम्हालाही धरलं तर चार. जिन्याखाली दोन सायकली साखळीनं बांधलेल्या. एक निळी, पुढे टोपली. दुसरी लाल, छोटी, आणि तिची सीट पार खाली केलेली. इतकी खाली की त्या उंचीचं या घराण्यात एकच माणूस आहे.

शफीक मला निरखून बघत होता. मग हसला. "आप वो लडकी की सास है ना? मॅडम बोला था, सास को सायकल नहीं आता. जनवरी से इधर समुद्र पे सिखाएगा. लेकिन बोला, उसको बोलने का नहीं कि हमको मालूम है. उसको गुस्सा आता है."

विहीणबाई, तुम्हाला माहीत होतं.

केव्हापासून, ते मी गेले सात दिवस शोधतेय. फाटकाशी मी स्टँड न काढताच सायकल पुढे ढकलली होती, ते बघितलंत का? की त्या पहिल्या सकाळीच, "घाट?" म्हणून माझ्याकडे बघितलंत तेव्हाच? म्हणजे माझं खोटं झाकायला तुम्ही सायकल परत ठेवलीत, की लेकीसाठी, की दोन्हींसाठी? हे भांडण अर्धवट टाकून तुम्ही गेलात. हे मला शोभणारं आहे, तुम्हाला नव्हे.

मी तिथे पार्किंगमध्ये जमिनीवर बसले आणि गौरीला सगळं सांगितलं. कॅरिअर, चढ, ढकलणं, सगळं. "मला येत नव्हती. मला लाज वाटली. म्हणून तुझ्या आईला मुलीकडची म्हटलं." ती ऐकत राहिली. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "एवढंच?" आणि मग खरोखर संतापली. "एवढंच कारण होतं?" पाठ फिरवून उभी राहिली. शफीक बिचारा किल्ली घेऊन इकडून तिकडे बघत होता. मग तिनं त्याच्या हातातून किल्ली ओढून घेतली आणि साखळी सोडली. लाल सायकल तिनंच डिकीत घातली, निळी मागच्या सीटवर आडवी.

त्याच रात्री जेवताना मी जाहीर केलं. मार्चमध्ये मी केनियाला जाणार. हेल्स गेट. सायकलवर. तुमच्या मोबाइलमध्ये तुम्ही आपल्या दोघींची सहल ठरवून ठेवली होतीत, ते गौरीला सापडलं. फक्त आपण दोघी, नवरे नाहीत. त्यांची जेवणाची सोय सुद्धा लिहून ठेवलीत. तुमच्यासारखी बाई मी बघितली नाही.

यांनी पोळी खाली ठेवली. "हाडं मोडून घेशील."

"जोडतात."

निखिल म्हणाला, "आई, प्लीज. आत्ता तिसरा आठवडाय. लोक काय म्हणतील?"

ईरा म्हणाली, "आजी, यू आर टू ओल्ड."

गौरी ताटाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी कुलकर्णीबाईंना कुठून कळलं देव जाणे. खाली आल्या. "अहो, घरात दुःख झालंय, वर्ष तरी जाऊ द्या. सहली कसल्या करता लगेच." मी त्यांना खुर्ची दिली. म्हटलं, "बाई, तुम्हीच सांगितलंत ना, मला सुतक नाही? मी रडायला बसले तेव्हा तुमची कुणी नाही म्हणालात. आता मी उठून उभी राहिले तर वर्षभर बसा म्हणताय. एक काय ते ठरवा. तोवर मी सायकल शिकते." त्यांनी चहा अर्धा टाकला. मला वाईट वाटलं नाही.

आणि मी खरंच शिकतेय. हेच माझं सुतक. अबू हलीफाच्या समुद्राकाठी, सकाळी सहाला, तुमच्याच वेळेला. पहिल्या दिवशी एकटी गेले. तीन वेळा पडले. एक इजिप्शियन गृहस्थ कुत्रं फिरवत होते, त्यांनी उचललं आणि अरबीत काहीतरी म्हणाले. आवाजावरून ते आमच्या यांच्याच पक्षाचे होते. दुसऱ्या दिवशी कोपर सोललं. तिसऱ्या दिवशी मी चार पेडल मारले, बरोब्बर चार, मोजले, आणि कचऱ्याच्या पिंपात शिरले. माझं वरमाईपण तिथेच कुठेतरी पडलं असणार, कारण नंतर सापडलं नाही.

त्या साताऱ्याच्या पोरीची मला आता गंमत वाटते. एवढी कॅरिअरवर बसून हिंडली, एवढी चढावर मागून ढकलली, आणि एकदा म्हणाली नाही, "आज मला चालवू दे." पुढे चाळीस वर्षं तिनं पुढच्या सीटसाठी भांडून काढली. गाडीची पुढची सीट, पंगतीतली पुढची सीट. जिथे चालवावं लागत नाही अशा सगळ्या पुढच्या सीटा.

आज शुक्रवार. सुट्टी. मी लाल सायकल घेऊन पार्किंगमध्ये आले तर गौरी गाडीपाशी उभी. ट्रॅक पँट, केस बांधलेले, मागच्या सीटवर निळी सायकल. मी लाल सायकल डिकीत टाकली. आम्ही गेलो.

खाडीच्या बाजूला लांब गुलाबी ठिपके होते. आलेत तुमचे.

मी दहा-बारा पेडल गेले असेन, मग पुढचं चाक वाळूत वळलं आणि मी पडले. चप्पल कुठेतरी, तळव्याला चिखल, घोट्याला रक्त. गौरी धावत आली. गाडीतून पाण्याची बाटली आणली, खाली गुडघ्यांवर बसली, आणि माझा पाय हातात घेऊन त्यावर पाणी ओतायला लागली. अंगठ्यानं चिखल काढत होती. मान खाली. तुमच्यासारखाच भांग.

मग टाचेवरून हात फिरवून म्हणाली, "भेगा नाहीत हो तुम्हाला."

मला ते सहन होईना. पाय ओढून घेतला. म्हटलं, "पाय राहू दे गं. सायकल धर."

तिनं वर बघितलं. डोळे भरलेले, पण नाक लाल झालं होतं ते रागानं की कशानं, मला कळलं नाही. "कुठली धरू? तुमची की आईची?"

"माझी मी उचलते," मी म्हटलं. "आईची तू घे. मार्चमध्ये पण तूच घ्यायचीयेस, सांगून ठेवते."

ती उठली. गाडीतून निळी सायकल काढली, टोपली सरळ केली, घंटी एकदा वाजवून बघितली. मग माझ्याकडे बघत उभी राहिली, मी पुढे निघायची वाट बघत. आठ वर्षांची सवय.

मी लाल सायकल उभी केली, स्टँड आठवणीनं काढला, आणि तिला हातानं रस्ता दाखवला.

"नीघ," म्हटलं. "मुलीकडचे पुढे."